कोंबिनीतला मुळा

कुडाळला रेल्वेत चढताना माझ्याजवळ दोन बॅगा होत्या, एक कपड्यांची आणि एक खाण्याची. खाण्याच्या बॅगेत भाजके पोहे, मेतकूट, आमसुलं, कुळथाचं पीठ, खोबऱ्याच्या वड्या आणि लिंबाचं लोणचं असा सगळा बंदोबस्त होता. टोकियोच्या विमानतळावर कपड्यांची बॅग आली. खाण्याची आली नाही. फिरता पट्टा रिकामा होऊन थांबला तरी मी तिथेच उभी. तिथला एक गृहस्थ इतक्या वेळा कमरेत वाकून माफी मागत राहिला की मला धड भांडताही येईना. बॅगेवरच्या चिठ्ठीत घरचा पत्ता होता, म्हणून ती कुठे कुठे फिरून शेवटी मालवणात पोचली, आणि त्यातल्या कुळथाची पिठी आमच्या ह्यांनी महिनाभर चवीने खाल्ली. जपानात मी काय खाल्लं ते ऐका.

आधी एक सांगते. मी जपान बघायला गेले नव्हते. माझी लेक शिल्पा आणि जावई अमोल तिकडे नोकरीला. शिल्पाला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पोर हाती लागलं नाही. एकदा पाचव्या महिन्यात, एकदा सहाव्यात. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी तिला सातव्या महिन्यातच इस्पितळात आणून निजवलं आणि पाय जमिनीला लावायचा नाही अशी ताकीद दिली. अमोलने फोन केला. मी शाळेतून निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, पासपोर्ट काढलेला होता. निघण्याआधी कुणकेश्वराला, आमच्या किनाऱ्यावरच्या शंकराला, नवस बोलले, की पोर सुखरूप होऊन मी तुझ्या पायरीवर नारळ ठेवीपर्यंत मासे, मटण, अंडं तोंडात घालणार नाही.

ह्या नवसाचं वजन बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. माझं माहेर होडीचं, सासरही होडीचं. बिनमाशाचं जेवण आमच्यात आजाऱ्याला वाढतात. वाऱ्यावर आलेल्या वासावरून होडीत बांगडा आहे की तारली, हे मी घरात बसून सांगायची. अशा बाईने मासे सोडले आणि गेली कुठे, तर जपानात!

गाव नागानो भागातलं, चहूकडे डोंगर आणि डोंगरांवर बर्फ. समुद्राचा मागमूस नाही. ते पाहून मला जरा बरंच वाटलं, म्हटलं समुद्र नाही म्हणजे मासेही कमी असतील. अमोलची नोकरी तिथून आगगाडीने तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे त्याचं घर तिकडे. मला तर पोरीजवळ राहायचं होतं. म्हणून इस्पितळाला लागून नातेवाइकांसाठी खोल्या आहेत, त्यातली एक त्याने मला घेतली. खोलीत पलंग, टेबल आणि पाणी तापवायची किटली. चूल नाही, गॅस नाही. स्वयंपाकाला मनाई. मी म्हटलं, मग माणसाने खायचं काय? अमोल म्हणाला, "आई, खाली कोंबिनी आहे ना."

कोंबिनी (दिवसरात्र उघडं असणारं दुकान, अर्धं वाण्याचं आणि अर्धं खाणावळीचं) इस्पितळाच्या तळमजल्यावरच होती. तिथे पाय टाकला की आतली सगळी माणसं एकदम ओरडतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, माझं काही चुकलं. ते स्वागत होतं म्हणे. आत दिव्यांचा लखलखाट, आणि कपाटातून खाण्याचे शेकडो पुडे. एकावरही मला वाचता येईल असं अक्षर नाही. तीस वर्षं पोरांना वाचायला शिकवलं आणि म्हातारपणी पहिलीतल्या पोरासारखी चित्रं बघत हिंडायची वेळ आली.

अमोलने मला तीन शब्द घोकून दिले होते. साकाना म्हणजे मासा, निकू म्हणजे मांस, तामागो म्हणजे अंडं. पुड्यावर बोट ठेवायचं, शब्द विचारायचा आणि समोरच्याची मान कशी हलते ते बघायचं. गल्ल्यावर एक चष्मेवाली बाई असायची, साधारण माझ्याच वयाची, अत्यंत सालस. तिने माझ्यासाठी जेवढी मान हलवली तेवढी आयुष्यात कोणासाठी हलवली नसेल.

कारण ज्यावर बोट ठेवावं त्यात मासा. ओनिगिरी (भाताचा तिकोनी मुटका, त्याला समुद्रातल्या शेवाळाचा काळा कागद गुंडाळलेला) दिसायला गरीब. बोट ठेवलं की साकाना. दुसरा घेतला, साकाना. तिसऱ्यात माशाची अंडी. भाजीच्या डब्यावर वरून माशाचा कीस भुरभुरलेला, आणि बटाट्याच्या सँडविचात मांसाची चकती लपवलेली. गल्ल्याजवळच्या काचेच्या पेटीत वाफाळलेले पांढरेशुभ्र गोळे दिसले, हुबेहूब उकडीचे मोदक, फक्त आकाराने दांडगे. माझा जीव हरखला. बोट ठेवलं, तर बाई म्हणते निकू. मोदकात डुकराचं मांस! मी तिथेच कपाळावर हात मारला.

शेवटी एक मुटका मिळाला, आत खारवलेलं आंबट फळ होतं. आपल्या आमसुलाच्या चुलतभावाची चव. पण तो सोडायचा कसा? प्लॅस्टिकवर एक, दोन, तीन असे आकडे, त्या क्रमाने ओढायचं. मी शिक्षिका, आकडे ओळखले, क्रमाने ओढलं, आणि काळा कागद प्लॅस्टिकला चिकटून राहिला, भात मांडीवर. दुसऱ्या दिवशी बाईने काहीतरी विचारलं आणि मी घाईत मान डोलावली, तर तिने मुटका यंत्रात घालून कढत करून दिला. ओल्या फडक्यासारखा झालेला तो कागद मी चावत बसले. बाकी गोड कडधान्याचं पुरण भरलेला पाव मिळायचा. बरा लागायचा, नाही असं नाही. पण पुरण पावात घालून दोन्ही वेळेला खायची शिक्षा आमच्याकडे चोराला पण देत नाहीत.

आठवडाभरात माझं तोंड विटलं. वरच्या मजल्यावर शिल्पाची तीच गत. इस्पितळाचं जेवण ताटात मोजून मापून सुंदर मांडलेलं यायचं, पण तिला वासानेच उमळायचं. ताट जसंच्या तसं परत जायचं. डॉक्टर येऊन शांतपणे सांगायचे की पोटातलं बाळ वजनाने कमी आहे, आईने खाल्लं पाहिजे. ती हो म्हणायची आणि ते गेले की भिंतीकडे तोंड करायची. मी ओरडायचे, मग मला वाईट वाटायचं, मग परत ओरडायचे. तिची मनातली भीती मला कळत होती. ह्याही पोराने आपल्याला दगा दिला तर, म्हणून ती त्याच्यात जीव घालायलाच घाबरत होती. बाळाबद्दल एक शब्द बोलायची नाही. फक्त रोज सकाळी मी गेले की विचारायची, "आई, नवस नीट चलता मां?" मी म्हणायचे, चलता. तेवढ्यावर तिचा दिवस जायचा.

आणि मग मला तो मुळा सापडला.

गल्ल्याशेजारी चौकोनी पातेल्यात तपकिरी पाणी संथ उकळत असायचं आणि त्यात नाना वस्तू पोहत असायच्या. ओदेन म्हणतात त्याला. आपण हवं ते बोटाने दाखवायचं, बाई डावाने काढून वाटीत घालते, वर पाणी ओतते. त्यात मुळ्याचे जाडजूड गोल काप होते, शिजून काचेसारखे झालेले. मी विचारलं, साकाना? तिने ठाम नकार दिला. निकू? नाही. तामागो? नाही. मग हसून म्हणाली, दाइकोन, म्हणजे मुळा.

बाहेर बर्फ पडत होतं. तो मुळा मी खोलीवर नेला, एक घास घेतला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या दिवसांनी तोंडात खरं जेवण पडलं होतं. वाटीतलं पाणीसुद्धा मी पिऊन टाकलं. साध्या मुळ्याला इतकी चव! म्हटलं, इथल्या मातीतच काहीतरी असणार. त्या दिवसापासून दुपारी मुळा आणि रात्री मुळा. मोसंबीच्या बीएवढंसं पिवळं तिखट (मोहरीचं) वाटीच्या कडेला लावून द्यायची ती बाई. तीन आठवडे मी त्या मुळ्यावर काढले आणि चष्मेवालीला तोंडभर आशीर्वाद दिले.

एका दुपारी शिल्पाचं ताट परत गेलेलं बघून मी मुळ्याची वाटी घेऊन वर गेले. म्हटलं ह्याच्या वासाने तरी पोरीला भूक लागेल. वाटी तिच्या नाकाशी धरली. तिने वास घेतला आणि माझ्याकडे बघतच राहिली.

"आई, ह्यो मुळो तू खातंस?"

मी म्हटलं, रोज खाते.

"अगो, ह्या माशाचा पाणी. सुक्या माशाच्या किसात शिजवतत ह्येका."

माझ्या हातात वाटी तशीच. मी पुन्हा वास घेतला, आणि ह्या खेपेला मला तो आला. कसा नाही येणार? आपला सुका मासा उन्हाचा आणि मिठाचा, त्याचा वास मी झोपेत ओळखेन. हे लोक माशाला धुरी देऊन देऊन लाकडाच्या ओंडक्यासारखा टणक करतात आणि मग किसतात. धुराखाली मासा दडला होता. आणि माझी जीभ? बंदरावर वाढलेली, महिनाभर उपाशी ठेवलेली माझी जीभ! तिला माल मिळाला होता, ती मला कशाला सांगेल? चष्मेवालीही खोटं बोलली नव्हती. तिच्या लेखी मुळ्यात मासा नव्हताच. माशाचं पाणी म्हणजे काही मासा नव्हे, तिच्याकडे ते आपल्या फोडणीसारखं. मी रागवू तरी कोणावर?

शिल्पा रडायला लागली. हुंदके देऊन, पोट धरून. दोन पोरं गेली तेव्हा डोळ्यांतून टिपूस न काढलेली, कॉम्प्युटर शिकलेली माझी लेक मुळ्याच्या वाटीकडे बघून रडत होती. "आई, आता काय होतला?"

काय सांगू? मीच घाबरले होते. पण पोरीसमोर आईने घाबरायचं नसतं, म्हणून मी नेहमीप्रमाणे रागावले. मुळ्यावर रागावले, जपानवर रागावले, देवावरही. मग म्हटलं, आपल्या गावात चूक झाली की काय करतात? गाऱ्हाणं घालतात. मग इथेही घालू.

घाटावरच्या वाचकांसाठी सांगते. गाऱ्हाणं म्हणजे नारळ ठेवून देवासमोर उभं राहायचं आणि गावातल्या वडीलधाऱ्याने मोठ्याने देवाला सगळं सांगायचं. प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. सगळ्यांचा होकार पडला तर ते देवाला पोचतं. गाऱ्हाणं पुरुष घालतात. माझ्याजवळ पुरुष नव्हता, नारळही नव्हता. खाली कोंबिनीत जाऊन बघितलं, तर नारळाएवढा गोल, वरून तडे गेलेला एक गोड पाव होता. तोच घेतला. टेबलावर ठेवला, पश्चिमेला तोंड केलं, कारण आपला देश तिकडे, आणि लहानपणापासून ऐकलेल्या सुरात सुरुवात केली.

"बा देवा कुणकेश्वरा, परमुलखात ही तुझी लेकरां तुका हाक मारतत!"

शिल्पा बारीक आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा."

"नवस बोलल्यांव, तेच्यात न कळता चूक झाली!"

"व्हय म्हाराजा."

शेजारच्या खाटेवर मिका नावाची मुलगी होती, तीही शिल्पासारखीच निजवून ठेवलेली. तिने मधला पडदा हळूच बाजूला केला आणि हात जोडून बघू लागली. मी थांबले नाही.

"चूक माझ्या जिभेची. जो काय कोप करूचो तो माझ्यावर कर. पोराक हात लावू नको!"

होकार आला नाही. मी वळून पाहिलं. शिल्पा ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "व्हय म्हण."

"नाय म्हणूचंय."

"मगे गाऱ्हाणा पुरा होवचा नाय."

"नाय होवंदे. तुझ्यावर कोप कर म्हणान मी सांगूचंय नाय."

गाऱ्हाणं असं अर्धवट टाकता येत नाही. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरून मिका गंभीरपणे मान झुकवून म्हणाली, "हाय." त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ हो. तिला बिचारीला एवढंच कळलं होतं की इथे कोणीतरी होकार द्यायचा राहिला आहे.

शिल्पाला रडताना हसू फुटलं. महिनाभरात मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मीही हसले, आणि गाऱ्हाणं पुरं झालं असं धरून पावाचे तीन तुकडे केले, एक मिकाला दिला. मग वाटी शिल्पापुढे सरकवली. म्हटलं, नवस माझा आहे, तुझा नाही, तू खा. तिने मुळा खाल्ला. सगळा खाल्ला. वर पाणी प्याली आणि म्हणाली, आणखी आण.

त्या दिवसापासून कोंबिनीच्या माझ्या फेऱ्या दुप्पट झाल्या. शिल्पाला मुळा, मिकाला मुळा, आणि मला पुरणाचा पाव, केळी आणि दूध. बाकी कशावर माझा विश्वासच उरला नव्हता. भाताच्या मुटक्याचाही वास घेऊन तो परत ठेवायचे. चष्मेवालीला काही समजेना, मुळा का सोडला म्हणून ती दुखावल्यासारखी झाली. तिला समजावायला माझ्याजवळ तीनच शब्द होते, आणि त्या तीन शब्दांनी ह्या गोष्टी सांगता येत नाहीत. मी रोज पावाचा कागद फाडताना देवाच्या नावाने खडे फोडायचे आणि तेवढ्यातच शिल्पाचं वजन किती वाढलं ते नर्सला खुणेने विचारायचे.

मुलगी झाली. दिवसांच्या थोडी आधी, पण झाली. चार दिवस काचेच्या पेटीत ठेवली, मग आणून शिल्पाच्या कुशीत दिली. अमोल दाराशी उभा राहून नाक पुसत होता. शिल्पाने तिच्या कपाळाला ओठ लावले, आणि पहिल्यांदाच तिच्याशी बोलली. काय बोलली ते मी ऐकलं नाही. मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत होते.

पुढे दीड महिना अमोलच्या घरी राहून बाळंतिणीचं केलं. तिथे गॅस होता, बाजारात मुळे होते, मी ते मोहरीची फोडणी घालून शिजवले आणि ते अजिबात चांगले लागले नाहीत. मग नातीच्या गालाची पापी घेऊन निघाले. विमानात रडले, मुंबईत रडले, आणि कुडाळला ह्यांना बघून बॅगेचं भांडण उकरून काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी.ने कुणकेश्वराला गेले. मासे अजून खाल्ले नव्हते. गाभाऱ्यात गुरव होता, मागे माणसं उभी होती, समुद्राचा आवाज येत होता. पायरीवर नारळ ठेवला. माफी मागायची असं सगळ्या वाटेने ठरवून आले होते. हात जोडले, डोळे मिटले, आणि मला राग आला.

मी त्याला मनातल्या मनात म्हटलं, पहिल्या दोन्ही वेळेलाही मी तुला हाच नवस बोलले होते. तेव्हा मी घरात होते, चूक व्हायला जागाच नव्हती. वेगळी भांडी काढली, ह्यांचे मासे परसात वेगळ्या चुलीवर करायला लावले, सुरीसुद्धा वेगळी ठेवली. सगळं पाळलं, आणि दोन्ही पोरं तू नेलीस. ह्या खेपेला तीन आठवडे माशाचं पाणी प्याले, पोरीलाही पाजलं, तुझ्यापुढे नारळ म्हणून पाव ठेवला, आणि तू मला नात दिलीस. मग त्या दोघांच्या वेळेला माझं काय कमी पडलं होतं, ते सांग.

तो काय सांगणार? गुरवाने तीर्थ दिलं आणि पुढे सरका म्हणाला, मागे माणसं खोळंबली होती. मी तीर्थ घेतलं, पुढे सरकले आणि बाहेर येऊन पायरीवर बसून राहिले. तोंड पदरात घालून रडले. दोघांसाठी रडायचं राहून गेलं होतं, ते तिथे रडले.

घरी पोचले तर आमच्या ह्यांनी सुरमईच्या तुकड्यांना मीठ-मसाला लावून ठेवला होता. इतक्या महिन्यांनी बायको मासे खाणार म्हणून स्वतः बंदरावर जाऊन निवडून आणली होती. तवा चुलीवर चढलेला. म्हणाले, "नवस फिटलो मां? बस, तळतंय."

मी म्हटलं, "आज सोमवार आसा. उद्या तळूया." आणि कुकरला वरण-भात लावला.